आत्याची पैठणी पोपटी कशी झाली

भाच्यानं माझ्या लॅपटॉपचं नाव 'आजोबा' ठेवलं आहे. पंखा घरघरायला लागला की आजोबांना दम लागला, स्क्रीन गोठली की आजोबांचा डोळा लागला. स्वतःच्या लॅपटॉपच्या कीबोर्डखाली दिवाळीच्या माळेसारखे रंगीत दिवे लागत असले की माणसाला असं बोलायला सुचतं. त्या लॅपटॉपची किंमत मी एकदा ताईला विचारली होती. ती काही न बोलता चहा टाकायला उठली.

"मावशी, तू हे केळकर म्युझियमला देऊन टाक," तो म्हणतो. "अडकित्त्यांच्या शेजारी ठेवतील."

आजोबा २०१८च्या दिवाळीत ३८ हजारांना घरात आले. आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क, १५.६ इंची स्क्रीन. तेव्हा डोक्यात फोटोबिटो काही नव्हतं. ऑफिसची उरलीसुरली कामं, सोसायटीचे हिशेब, आईला नाटकाची तिकिटं काढून देणं, एवढ्यासाठी घेतलेला. कॅमेरा नंतर आला, मैत्रिणीच्या नवऱ्यानं वापरून सोडलेला, २४ मेगापिक्सेलचा. कॅमेऱ्यामागून रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेला कच्चा माल, आल्या आणि त्यांच्यामागून तो प्रश्न आला, जो माझ्यासारखी हौशी मंडळी कुणाला ना कुणाला रोज विचारत असतात: ह्या साध्या लॅपटॉपवर फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर चालेल का?

मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारला आणि प्रत्येकानं वेगळ्या क्रियापदात उत्तर दिलं. विकणारा म्हणाला होता, "पळेल मॅडम!" ऑफिसातला आयटीवाला म्हणाला, "चालेल, पण झेपणार नाही." भाचा म्हणाला, "रांगेल." ह्या सगळ्यात 'दिसेल का?' असं कुणी म्हणालं नाही. मीही विचारलं नाही. तो प्रश्न पुढे आत्याच्या पैठणीनं विचारला आणि तोवर साडेआठ हजार रुपये गेले होते. पण ते नंतर.

पहिला दणका २०१९च्या वारीत बसला. ज्ञानोबांची पालखी पुण्यातला मुक्काम हलवून सासवडला निघते तेव्हा दिवेघाट चढते. वरच्या वळणावर सकाळपासून जागा धरून बसलेल्या फोटोवाल्यांत मीही होते. खाली रस्ता दिसतच नव्हता, नुसत्या पताका आणि टोप्या सरकत होत्या. संध्याकाळी घरी आले ती ६१२ फोटो घेऊन. एकेक रॉ फाइल २५ एमबीच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून १५ जीबी.

फाइली लाइटरूम नावाच्या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायला लावल्या आणि कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या, कुकर उतरला, वरण फोडणीला पडलं, आम्ही जेवलो, ओटा पुसून झाला. आजोबा अजून चारशेव्या फोटोपाशी. शेवटी एकदाचं सगळं आत आलं, तेव्हा एका फोटोतलं पांढरंफटक आभाळ जरा खाली आणावं म्हणून हायलाइट्सचा स्लायडर ओढला. स्लायडर जागचा हलेना. मी परत ओढला. परत ओढला. मग लॅपटॉपला तिन्ही ओढण्या एकदम आठवल्या आणि दिवेघाटात भरदुपारी तिन्हीसांज झाली.

दोन दिवसांनी आजोबांना पाठीवर घेऊन तपकीर गल्लीत गेले. तिथे जिन्याखालच्या एका दुकानात एक गृहस्थ लॅपटॉप दुरुस्त करतात. जागा इतकी की गिऱ्हाईक उभं राहिलं की दुकान भरलं. मी सरळ विचारलं, "नवा घ्यावा लागेल का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. लाइटरूम उघडायला सांगितलं, शेजारी लॅपटॉपचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला आणि मला म्हणाले, "आता ओढा तुमचा स्लायडर." मी ओढला. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. प्रोसेसर १८ टक्के. मेमरी ९४ टक्के. डिस्क १०० टक्के, आणि तो आकडा तिथून हलायलाच तयार नव्हता.

"ताई, तुमचा स्वयंपाकी रिकामा बसलाय," ते म्हणाले. "ओटा एवढासा आहे. एक वाटी ठेवायची तर दुसरी उचलून माळ्यावर टाकावी लागते, आणि तीच परत लागली की पुन्हा शिडी. स्वयंपाकी बदलून काय होणार?"

स्वयंपाकी म्हणजे प्रोसेसर, रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा. इतकं स्वच्छ मला कुठल्याही व्हिडिओनं सांगितलं नव्हतं. घरी येऊन मी वहीत हिशेबच मांडला. माझ्या कॅमेऱ्याचा एक फोटो म्हणजे ६००० गुणिले ४०००, अडीच कोटींना जरा कमी ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, आणि नीट काम करायचं तर प्रत्येक आकड्याला दोन बाइट. म्हणजे डिस्कवर २५ एमबी वाटणारी फाइल उघडली की ओट्यावर १४४ एमबी जागा अडवते. फोटोशॉपमध्ये तिच्यावर आठ थर चढवले की जीबीच्या वर गेलो, शिवाय मागे फिरता यावं म्हणून ते जे लक्षात ठेवतं ते वेगळंच. ४ जीबीतला निम्माअर्धा ओटा तर विंडोज सकाळी उठल्याउठल्या अडवून बसतं आणि उरलेल्यावर ब्राउझर पसरतो. मग जे मावत नाही ते माळ्यावर. आणि माझा माळा म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे घेणारी चकती. सलग वाचायचं असेल तर सेकंदाला शंभरेक एमबी देते, पण इथला तुकडा, तिथला तुकडा असं वेचायला लागलं की तिची पार दमछाक होते. फोटोशॉप बनवणारे स्वतःच किमान ८ जीबी रॅम हवी म्हणतात आणि शिफारस १६ची करतात. मी ते वाचलं होतं. आपल्याकडे 'किमान' हा शब्द वाचून माणूस 'त्याच्या निम्म्यात भागतं' असाच अर्थ काढतो.

माझ्या लॅपटॉपात ४ जीबी रॅम मदरबोर्डालाच चिकटवलेली, पण शेजारी एक खाच मोकळी होती. हे नशीब. हल्ली पातळ दिसण्याच्या हौसेपायी बऱ्याच लॅपटॉपांत अशी खाचच नसते, घेतानाच काय ते घ्यावं लागतं. त्या खाचेत ८ जीबीची पट्टी गेली, चकतीच्या जागी ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपांची साठवण, बसली आणि चकती एका डबीत घालून बाहेरची साठवण झाली. पंखा उघडला तेव्हा आतून धुळीची एक अख्खी अळूवडी निघाली. मजुरीसकट साडेआठ हजार.

त्यानंतर आजोबा पळाले असं मी म्हणणार नाही, पण काठी टाकून चालायला लागले. एसएसडी सेकंदाला पाचशे एमबीच्या घरात देते आणि तुकडे वेचायला तिला चकतीसारखं फिरत बसावं लागत नाही. शिवाय प्रोसेसरच्या बाबतीत मला न मागता लॉटरी लागली होती. इंटेलनं आठव्या पिढीत ह्या कमी वीज खाणाऱ्या, नावाशेवटी यू लावलेल्या आय-फाइव्हमध्ये दोनाचे चार कोअर, म्हणजे दोनाचे चार स्वयंपाकी, केले होते. सातव्या पिढीचा घेतला असता तर आज हा लेख वेगळा झाला असता.

थोड्या युक्त्या मीही शिकले. लाइटरूममध्ये 'स्मार्ट प्रीव्ह्यू' नावाची सोय आहे. प्रत्येक फोटोची लांब बाजूला २५६० ठिपक्यांची हलकी प्रत बनवायची आणि एडिटिंग मूळ फाइलऐवजी तिच्यावर करायचं. ठिपके मूळच्या पाचव्या हिश्शाहून कमी. आभाळ, सावल्या, रंग, कातरणं हे सगळं तिच्यावर भराभर होतं, आणि शेवटी निर्यात करताना मूळ फाइल कामाला लागते. फक्त धार आणि दाणा बघायचा असेल तर मूळ फाइलच उघडावी लागते. दुसरी गोष्ट, चार्जर लावूनच काम करायचं. बॅटरीवर आलं की लॅपटॉप वीज वाचवायला आपणहून मंदावतो, आणि आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की मी फोटोंच्या नादाला लागतच नाही, कपाट आवरते. तिसरी गोष्ट, लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली शीतपेयाच्या बाटल्यांची दोन झाकणं. खालून हवा गेली पाहिजे.

जे झेपत नाही ते झेपतच नाही. कवडीपाटला हिवाळ्यात पहाटे जावं, तर नदीवर धुकं असतं आणि चक्रवाक त्यातून अचानक केशरी होऊन बाहेर येतात. उजेड इतका कमी की फोटोत रवा सांडल्यासारखा दाणा येतो. २०२३मध्ये लाइटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं 'डीनॉइज' आलं, ते हा रवा जादूसारखा वेचून काढतं. पण त्याला ताकदवान ग्राफिक्स कार्ड लागतं आणि आजोबांकडे वेगळं कार्डच नाही, प्रोसेसरमधलंच जे काही आहे ते आहे, तेही रॅममधूनच वाटा उचलतं. बटण दाबलं की ते आधीच कबूल करतं: अंदाजे २३ मिनिटं. एका फोटोला. भाच्याकडे तेच काम अर्ध्या मिनिटात होतं. मी पाच फोटो निवडून रात्री लावते आणि झोपते. सकाळी दूध यायच्या आत झालेले असतात. सत्तर फोटोंमधून पाचच का निवडायचे ह्याची मात्र सवय लागते, आणि आता सत्तर करायची सोय झाली तरी मी पाचच करीन असं वाटतं. त्या सत्तरांतल्या साठांत तोच चक्रवाक तीच मान वळवत असतो.

खर्चाचा विषय निघालाच तर एवढंच सांगते की २०१३पासून फोटोशॉप विकत मिळण्याऐवजी वर्गणीवर गेलं, आणि पुण्यात राहत्या घराचं भाडं भरून झाल्यावर सॉफ्टवेअरचंही भाडं भरायचं हे पुष्कळांना पटत नाही. त्यांच्यासाठी डार्कटेबल आहे, रॉथेरपी आहे, गिंप आहे. फुकट आहेत, भले आहेत, बटणं जरा जास्तच आहेत. मी वर्षभर डार्कटेबलवर काढलं. मग हौसेपुढे हात टेकले.

असं सगळं मार्गी लागल्यावर माणसाला जी घमेंड येते ती मला आली. साध्या लॅपटॉपवर फोटो एडिटिंग होतं का? होतं! मी हे छाती पुढे काढून सांगायला लागले. आणि नेमकं त्याच सुमाराला आत्याचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं.

हजार पौर्णिमा पाहायला ८० वर्षं आणि १० महिने लागतात. मी गणित करून पाहिलं, साडेएकोणतीस दिवसांच्या हिशेबानं बरोबर येतं. आत्याची हजारावी पौर्णिमा २०२४च्या डिसेंबरात पडली. कोथरूडमधलं एक छोटं कार्यालय, साठ-सत्तर माणसं, आणि परातीत मांडलेले कणकेचे एक्क्याऐंशी दिवे. आत्यानं लग्नातली पैठणी नेसली होती. १९६४ सालची, आजीनं येवल्याहून आणवलेली, मोरपंखी, डाळिंबी काठांची. ती धूपछाव आहे. उभा धागा निळा आणि आडवा हिरवा, त्यामुळे आत्या जरा वळली की निळ्याची हिरवी होते आणि परत फिरली की हिरव्याची निळी. फोटो काढायची जबाबदारी अर्थातच माझी. बाहेरचा फोटोग्राफर कशाला, घरात एवढी कलाकार बसलेली असताना!

वरून कार्यालयाच्या निळसर ट्यूब, खालून एक्क्याऐंशी ज्योतींचा पिवळा उजेड. फोटोवाल्याला ह्याहून अवघड ताट वाढता येणार नाही. पण रॉ फाइली होत्या, बारा जीबी रॅम होती, एसएसडी होती. तीन रात्री बसले. पैठणी माझ्या स्क्रीनवर मळकट निळी दिसत होती, शाईच्या डागासारखी. म्हणून तिचा निळा रंग हिरव्याकडे सरकवला आणि रसरशीतपणा चढवला, मोरपंखी दिसेपर्यंत. माणसं आजारी दिसत होती, निळसर. त्यांना थोडा पिवळा, थोडा तांबूस हात फिरवला. उजेड छान वाटला, म्हणून आहे तसाच ठेवला. आजोबा एकदाही अडखळले नाहीत. अल्बमच्या तीन प्रती छापायला दिल्या: एक आत्याला, एक तिच्या मुलाला, एक आम्हाला.

आत्यानं अल्बम मांडीवर घेतला, चष्मा नाकावर सरकवला, पहिलं पान उलटलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे कोण गं?"

"अगं, तूच की."

"मी मोरपंखी पैठणी नेसले होते. हा पोपट कुठून येऊन बसलाय?"

मी वाकून बघितलं. पैठणी पोपटी होती. नुसती पोपटी नाही, तुळशीबागेतल्या प्लॅस्टिकच्या पोपटासारखी. पुढच्या पानावर सगळे नातेवाईक हळदीला बसल्यासारखे पिवळे. त्यापुढच्या पानांवर एवढा अंधार, की दिवे एक्क्याऐंशी होते की आठ हे सांगता येऊ नये. "ह्यांना सगळ्यांना कावीळ झाली होती का?" आत्यानं विचारलं, आणि ती खरंच काळजीनं विचारत होती.

छापणाऱ्याकडे भांडायला गेले नाही. जावंसं वाटलं होतं, पुण्यात जन्म गेला आहे. पण जाण्याआधी मोबाइलवर फाइल उघडून बघितली, तर मोबाइलवरही पोपट. म्हणजे फाइलीतच पोपट होता. त्यानं होतं ते छापलं. तीन रात्री मी पोपट तयार करत होते आणि मला तो मोर दिसत होता.

आजोबांची स्क्रीन टीएन जातीची. स्वस्त लॅपटॉपांत तेव्हा सर्रास हीच असायची. ती पुढेमागे कलवली की चेहरे उजळतात, मावळतात, एका कोनातून तर निगेटिव्हसारखे उलटे होतात. म्हणजे इकडे वळली की रंग बदलणारी पैठणी आणि तिकडे कलली की रंग बदलणारी स्क्रीन, आणि मी मध्ये बसून दोघींची सोयरीक जुळवत होते. पण कोन हा छोटा गुन्हा झाला. मोठा गुन्हा असा की अशा स्क्रीनला रंगच कमी येतात. मॉनिटर, प्रिंटर, वेब ह्या सगळ्यांनी निदान एवढे रंग दाखवावेत म्हणून १९९६ साली एसआरजीबी नावाचं एक माप ठरलं. माझी स्क्रीन त्यातले साठ-पासष्ट टक्केच दाखवू शकते. उरलेले रंग फाइलीत असतात, पण स्क्रीन त्यांच्या जागी जवळचा फिका रंग लावून मोकळी होते. वर तिचा तोंडवळा निळसर. आणि रात्री दिवा बंद करून, उजेड शंभर टक्के ठेवून काम केल्यामुळे अंधारे फोटोही मला उजळ दिसले. तिन्ही चुकांची भरपाई मी मोठ्या निष्ठेनं फोटोत केली होती.

लॅपटॉप मंद असला की ते कळतं. कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, टास्क मॅनेजर आकडे दाखवतो, शेजारीपाजारी पंख्याचा आवाज ऐकून मिक्सर चालू आहे का विचारतात. स्क्रीन खोटं बोलते तेव्हा कसलाच आवाज होत नाही. तिचं खोटं पकडायला तुमच्याकडे तीच एक स्क्रीन असते. आणि आम्ही सगळे, मी, भाचा, आयटीवाला, विकणारा, वर्षानुवर्षं वेगाबद्दल बोलत होतो.

ह्यात एक गंमत अशी की फोटोशॉपचा जन्मच एका गरीब स्क्रीनमुळे झाला. १९८७ साली थॉमस नॉल हा मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करत होता. त्याच्याकडे होता मॅक प्लस. त्याच्या स्क्रीनला दोनच ठिपके येत, काळा आणि पांढरा. करडा नाही. त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: काळे-पांढरे ठिपके असे विखरायचे की डोळ्याला करडा भासावा. त्या प्रोग्रॅमचं नाव होतं 'डिस्प्ले'. त्याचा भाऊ जॉन सिनेमांच्या स्पेशल इफेक्ट्सचं काम करायचा, त्यानं ह्यात पुढचं पाहिलं, आणि १९९०मध्ये त्याचं फोटोशॉप होऊन बाजारात आलं. ज्या थरांवाचून आज कुणाचं पान हलत नाही ते थर १९९४पर्यंत त्यात नव्हतेच. त्या मॅक प्लसमध्ये मेमरी होती १ एमबी. माझ्या आजोबांकडे त्याच्या बारा हजार पट आहे, आणि माझी स्क्रीन अजून नॉलचीच युक्ती करते! स्वस्त टीएन स्क्रीनला एका रंगाच्या ६४ छटाच येतात, २५६ लागतात. मधल्या छटा ती ठिपके मिचकावून आणि विखरून भासवते.

पोपट प्रकरणानंतर मला सारखे काका आठवत होते. आत्याचे थोरले भाऊ. नारायण पेठेत वाड्याच्या तळमजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता. आत डार्करूम, एक लाल दिवा, तीन ट्रे, फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा नाकात बसणारा वास. लहानपणी मला तिथे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची परवानगी होती, हात मांडीवर ठेवून. कोऱ्या कागदावर हळूहळू माणूस उगवायचा तेव्हा मला वाटायचं, झालं. काकांना वाटायचं नाही. ते हायपोतून प्रिंट चिमट्यानं उचलायचे, पाण्यातून काढायचे आणि ठिबकत तशीच घेऊन दार उघडून चौकात जायचे, उन्हात. लाल दिव्यात त्यांनी कधी कुठली प्रिंट पास केलेली मला आठवत नाही. चौकातही लगेच नाही. वाळली की प्रिंट जराशी काळवंडते, म्हणून दोरीवर टांगून तासाभरानं पुन्हा बघायचे. "ओली प्रिंट आणि नवा जावई, वाळल्यावर बघावं," हे त्यांचं नेहमीचं. आत्याचे यजमान ते ऐकून दर वेळी हसायचे, जरा उशिरानं.

आत्याच्या लग्नाचा फोटो त्यांनीच काढलेला, कृष्णधवल, आणि मग हातानं रंगवलेला. तो अजून तिच्या बैठकीच्या खोलीत आहे. फोटो रंगवायचे पातळ रंग यायचे, उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळायचा आणि एकेक हात फिरवायचा. आत्या सांगते, "चार दिवस माझी पैठणी परत देईना. खिडकीत बसायचा, पदर मांडीवर पसरून. मला वाटलं, ह्यालाच नेसायची आहे की काय!" तो फोटो मी जवळ जाऊन नीट बघितला, पोपट प्रकरणानंतर पहिल्यांदा. रंग एका हातात चढवलेला नाही. आधी निळा दिला आहे, आणि तो वाळल्यावर वरून हिरवा, पण घड्यांच्या कडेलाच. धूपछाव. साठ वर्षांत गालांवरचा गुलाबी पार उडून गेला आहे, पैठणी मात्र मोरपंखीच आहे. ती मोरपंखी धड एसआरजीबीतही पुरती बसत नाही. निळ्या-हिरव्याच्या मधल्या गडद छटांना ते माप जरा अपुरंच पडतं.

मग एका रविवारी भाच्याला म्हटलं, तुझा तो लखलखाट घेऊन ये. त्याच्यावर तीच फाइल उघडली. काय वेग! स्लायडरला बोट लावायच्या आत फोटो बदलायचा. रंग दुरुस्त करून घेतले, त्याचेही डोळे वापरले, आणि काकांच्या फोटोशेजारी लॅपटॉप धरला. पैठणी फिकट आकाशी. आम्ही दोघांनी मिळून त्याच्या लॅपटॉपची कागदपत्रं शोधली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ४५ टक्के एनटीएससी. एनटीएससी हे रंगांचंच आणखी एक माप. म्हणजे आजोबांच्याच गोत्रातली स्क्रीन, एसआरजीबीच्या पासष्ट टक्क्यांच्या आतबाहेर. ७२ टक्के एनटीएससी लिहिलेलं असतं तर साधारण पूर्ण एसआरजीबी मिळाला असता. कोन बदलला तरी ती रंग पालटत नव्हती, एवढाच काय तो फरक.

"गेमला काही फरक पडत नाही," भाचा म्हणाला.

"नाही ना. चुकीचा रंग दहापट वेगानं आला, एवढंच," मी म्हटलं, आणि हे वाक्य बोलायला मिळाल्याबद्दल मला अजून बरं वाटतं. तो आजोबांना म्युझियमला द्यायचं तेव्हापासून बोललेला नाही.

नवा लॅपटॉप मी घेतला नाही. २४ इंची आयपीएस, म्हणजे कोन बदलला तरी रंग न पालटणाऱ्या जातीचा, मॉनिटर घेतला, ११ हजारांचा, डब्यावर पूर्ण एसआरजीबी लिहिलेला, आणि आजोबांना केबलनं जोडला. ओळखीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून रंग मोजायचं यंत्र दोन दिवस मागून आणलं. स्क्रीनवर माऊससारखं टेकवायचं, ते रंगांमागून रंग बघतं आणि चूक किती ते सांगतं. आजोबांच्या स्वतःच्या स्क्रीनलाही लावून पाहिलं. निळसरपणा गेला, पण जे रंग तिच्याकडे नाहीतच ते कुठलं यंत्र आणून देणार? मॉनिटरचा उजेड उतरवला, इतका की आई म्हणाली, बिघडला का. खोलीतला दिवा चालू ठेवायला लागले.

आणि डोळ्यांवर भरवसा ठेवणं कमी केलं. फोटोवर माऊस नेला की लाइटरूम हिस्टोग्राम नावाच्या आलेखाखाली लाल, हिरवा, निळा किती टक्के ते दाखवतं. गुरुजींचं उपरणं पांढरं होतं, म्हणजे तिथे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. पहिल्या फेरीत मी छापून घेतलेल्या फोटोत ते उपरणं बघितलं: लाल ८८, हिरवा ८३, निळा ६४. आकडे तेव्हाही तिथेच होते, रोज माझ्या डोळ्यांसमोर. गुरुजींच्या उपरण्याला हळद लागली आहे असं ते तीन रात्री सांगत होते. ह्या वेळी आधी उपरणं जुळवलं, मग माणसं आपोआप बरी झाली. पैठणी मात्र आकड्यांवर सोडली नाही. एका रविवारी सकाळी लॅपटॉप, मॉनिटर, केबल सगळं रिक्षात घालून आत्याकडे नेलं आणि तिच्या खिडकीशी मांडलं. पदर मांडीवर घेतला. रिक्षावाल्यानं विचारलं होतं, घर बदलताय का.

अल्बम लगेच दिला नाही. चार बाय सहाच्या तीन प्रिंटा काढून आणल्या, तेरा-तेरा रुपयांच्या. आत्याला फोन केला, तर म्हणाली, "अकराला ये, तेव्हा गॅलरीत ऊन नसतं पण उजेड असतो." हे तिला कुणी शिकवलं ते मला विचारावं लागलं नाही.

गेले तेव्हा पैठणी मलमलीतून काढून तयारच होती. आत्यानं प्रिंट घेतली, गॅलरीत गेली, कठड्यावर पदर पसरला आणि प्रिंट त्याच्यावर ठेवली. पदराची कड उचलून जरा इकडे वळवली, निळी झाली. तिकडे वळवली, हिरवी झाली. प्रिंटकडे बघितलं. पुन्हा पदराकडे. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडून गेला, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"हं," ती म्हणाली. "ही माझीच."

मग प्रिंट डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, परत जवळ आणली.

"पण ह्यात मी एवढी म्हातारी का दिसतेय गं? त्याचं काही करता येत नाही का तुझ्या त्या आजोबांना?"